कल्पित मरण आणि खरे अश्रू

नाटकातील पात्र कल्पित असते, हे प्रेक्षक जाणतो. तथापि सहवासाने जडलेली माया खरीच असते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकात बालगंधर्वांची सिंधू पतीच्या मद्यपानापायी प्राणास मुके, तेव्हा प्रेक्षकांचे डोळे पाणावत. तो शोक प्याल्याविषयी तिटकारा उपजवी. याउलट, 'द वॉकिंग डेड' या चालत्या प्रेतांच्या अमेरिकन मालिकेत ग्लेन हे लाडके पात्र २०१६ साली निर्घृणपणे मारले गेले, तेव्हा दुःखासवे संतापही उसळला. आदल्याच वर्षी त्याच्या मृत्यूचा आभास निर्माण करून प्रेक्षकांना कित्येक आठवडे ताटकळत ठेवले होते. प्रेक्षक मरण सोसतो. मायेशी मांडलेला खेळ मात्र त्यास सोसवत नाही.