कुमाऊँच्या रानातील किंकाळी

कुमाऊँच्या मुलखात नरभक्षक वाघांचा बंदोबस्त करणाऱ्या जिम कॉर्बेट यांना काळोख्या अरण्याचे भय कधी शिवलेच नसेल, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे, तो त्यांचाच ‘जंगल लोअर’ (१९५३) हा ग्रंथ वाचला की टिकत नाही. बालपणी डॅन्से नामक एका आयरिश गृहस्थाने बॅन्शी या पिशाच्चिणीच्या कथा सांगून त्यांच्या मनात कायमची धडकी भरवून ठेवली होती. पुढे रानात एकटे असताना तशीच किंकाळी कानी आली, तेव्हा भयाने ग्रासलेले असूनही त्यांनी पळ न काढता तिचा माग घेतला. वादळात अर्धवट उन्मळून दुसऱ्या वृक्षावर रेललेले एक प्रचंड झाड, आणि घासून घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले दोहोंचे लाकूड; त्यांच्या घर्षणाचीच ती किंकाळी, एवढाच तो मामला! तरीही बंदूक खाली ठेवून त्या कलत्या खोडावर चढून बसल्यावरच स्वारीची खातरजमा झाली.

शिकारीचा जुना दस्तूर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपुष्टात आला, हे उत्तमच झाले. परंतु रानातल्या काळोखाचे भय अद्याप ओसरलेले नाही; म्हणून बुद्धपौर्णिमेला ताडोब्यात वा मेळघाटात पाणवठ्याकाठच्या मचाणावर प्राणिगणनेसाठी रात्र काढणाऱ्या नवख्यांनी एवढे अवश्य ध्यानी धरावे, की डोळा अंधाराला सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, टॉर्चच्या एका झोताने ती सारी कमाई व्यर्थ जाते, आणि अंधुक आकृतीकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहिल्यास ती अधिक स्पष्ट दिसते.