कोर्लईचा दिवा

अलिबागहून मुरुडकडे निघालं की रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी लागते. पूल ओलांडताना उजव्या हाताला समुद्रात घुसलेली लांबट टेकडी दिसते. माथ्यावर कोर्लईचा किल्ला. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेतून जन्मलेली बोली गावातली काही घरं आजही बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात.

मंडळी, गाडी गावात ठेवून चालतच जावं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकडी, मधून अरुंद वाट. ती दीपगृहापाशी पोचते आणि तिथून पायऱ्या किल्ल्यावर चढतात. पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरतो, तेव्हा जपून.

दीपगृह उंचावर का बांधतात? पृथ्वी गोल आहे म्हणून. होडीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर धरले, तर त्याचं क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर येतं. दिवा ५० मीटर उंचीवर असेल, तर त्याचं क्षितिज २५ किलोमीटरवर. म्हणजे तो दिवा सुमारे ३० किलोमीटरवरून दिसू शकतो.

पण नुसती उंची पुरत नाही. साध्या दिव्याचा उजेड चहूकडे विखुरतो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं एका जाड भिंगाऐवजी काचेची कडी एकाभोवती एक बसवली. ती विखुरलेला उजेड गोळा करून सरळ समुद्राकडे पाठवतात. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात असं भिंग प्रथम लागलं. गंमत म्हणजे दिवसा अशा भिंगाभोवती पडदे ओढतात, नाहीतर सूर्याचं ऊन आत एकवटून दिवाच जाळायचं!

माझ्या भाच्यानं विचारलं, “मामा, आता होड्यांवर जीपीएस असतं. मग हा दिवा कशाला?”

मला पटकन उत्तर सुचेना. परतताना किनाऱ्यावर एक म्हातारे तांडेल जाळं सांधत बसले होते. प्रश्न त्यांनाच विचारला.

“साहेब, एका रात्री आमची बॅटरीच बसली,” ते म्हणाले. “यंत्र बंद, मोबाइल बंद. पोरगा पहिल्यांदाच आलेला, रडायला लागला. लांब उजेड दिसत होता, पण कुठला? मी म्हटलं, रडू नको, मोज. दोन झपाक्यांमधला वेळ मोजला आणि कळलं, हा आपलाच.”

प्रत्येक दीपगृहाचा झपाक्यांचा ठेका ठरलेला असतो. शेजारच्या दिव्यापेक्षा तो वेगळा ठेवतात. तीच त्याची सही. ती वाचायला ना बॅटरी लागते, ना उपग्रह.

अंधार पडला, दिवा लागला. भाचा वाळूत उभा राहून पुटपुटत होता. मी हाक मारली, तर त्यानं हातानंच गप्प केलं. तो मोजत होता.