कर्करोगानंतरचे सहजीवन

जबलपूर येथे १९५५ साली स्थापन झालेल्या व आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव धारण करणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात नर्मदेच्या खोऱ्यातील गावोगावचे रोगी येतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रियाही त्यांत असतात. हा रोग वेळीच ओळखला गेल्यास पुष्कळदा बरा होतो. परंतु रोग गेला म्हणजे वैद्याचे कार्य संपले काय?

किरणोपचाराने रोगट पेशी नष्ट होतात. पण शेजारच्या निरोगी भागासही इजा पोहोचते. योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, व्रण भरताना तो मार्ग अरुंद व ताठर बनतो. बीजकोश किरणांच्या टप्प्यात आल्यास ऋतुप्राप्ती अकालीच थांबते. त्यामुळे समागम वेदनादायक होतो, आणि लज्जेपोटी स्त्री त्याविषयी अवाक्षरही काढीत नाही.

या मौनात गैरसमज वाढतात. पत्नीच्या सहवासाने आपणांसही कर्करोग होईल, किंवा तिच्या शरीरात किरण उरले असतील, अशी भीती पतीस वाटते. दोन्ही समजुती निराधार आहेत. कर्करोग स्पर्शाने वा समागमाने दुसऱ्यास जडत नाही. बाहेरून किरण सोडणारे यंत्र बंद होताच शरीरात किरण उरत नाहीत; आत ठेवलेला किरणस्रोतही उपचार संपताच काढून घेतला जातो.

उपायही आहेत. दाह शमल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, गुळगुळीत प्रसारक नळी नियमाने वापरल्यास मार्ग अरुंद होण्यास आळा बसतो. कोरडेपणावर पाण्यात मिसळणारे वंगण उपयोगी पडते. पुरुषांचीही उपेक्षा झालेली नाही. प्रोस्टेट ग्रंथी काढताना लिंगोत्थानाच्या नसा तुटत. त्या वाचविणारी शस्त्रक्रिया पॅट्रिक वॉल्श यांनी बाल्टिमोर येथे १९८२ साली केली.

तरीही विज्ञानाला हा प्रश्न विचारावयास वेळ लागला. युरोपातील कर्करोग-संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या जीवनमानविषयक प्रश्नावलीत ३० प्रश्न होते. त्यांत कामजीवनाविषयी एकही नव्हता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २४ प्रश्नांची पुरवणी २००६ साली आली, तीत त्यास स्थान मिळाले.

जी गोष्ट विचारलीच जात नाही, तिच्यावर उपचार होत नाही. म्हणून डॉक्टरांनी पतिपत्नींना एकत्र बसवून हा विषय स्वतःहून काढणे, हाही उपचाराचाच भाग होय.