भोगीनंतरची परसबाग

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी सर्वपरिचित आहे. बाजारात जाणाऱ्या मिरचीचा हिशेब ठेवला जातो. परसातील वेलाचा मात्र क्वचितच. वास्तविक, या अवर्षणप्रवण भागात विहिरींचे पाणी खालावू लागल्यावर घरच्या भाजीचे मोल अधिकच वाढते.

भोगीच्या भाजीत वालपापडी, वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरे असे सारे एकत्र येते. हा भर ओसरला की बागेकडे दुर्लक्ष होते. तथापि, भाजी व धान्य धुतलेले पाणी आळ्यात सोडल्यास वाल आणि वांगी पुढेही काही आठवडे तोडा देतात. लाल भोपळा देठासह काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. तो काही महिने टिकतो.

शेवटची शेंगही तोडण्याचा मोह मात्र आवरावा. निरोगी वेलावरील काही शेंगा वाळू द्याव्यात आणि त्यांचे बी राख लावून जपावे. वालाचा वाण बहुधा शुद्ध राहतो. भोपळ्याचे तसे नाही. मधमाश्या शेजारच्या वेलाचे पराग आणतात, त्यामुळे जवळपास दुसरा वाण असल्यास बियाण्याची खात्री देता येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी अशा गावरान वाणांचीच बीजबँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

परसातील दोन-चार मिरच्याही झाडावरच लाल होऊ द्याव्यात. तिखटाची सोय होते आणि मृगासाठी बीही हाती राहते.