मूळव्याध : ऑपरेशनची भीती आणि लाज

आळंदीहून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाणाऱ्यांना रस्त्यात ‘विनाऑपरेशन, एकाच इंजेक्शनमध्ये मूळव्याध मुळासकट बरी’ अशा पाट्या दिसतात. यातला ‘विनाऑपरेशन’ शब्द खोटा नाही. खोटे आहे ते पुढचे.

पाळी सुरू असताना लाइन सोडता येत नाही, म्हणून शौच दाबून ठेवले जाते, पाणी कमी प्यायले जाते. मग बद्धकोष्ठता, जोर लावणे, आणि एके दिवशी मोड सुजून बाहेर येतो. बसवत नाही, सजद्यात कळ येते. तरी घरात कुणी बोलत नाही. आपल्या बायका तर वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना बवासीर होती. नमाज कशी पढावी, हे त्यांनी प्रेषितांना (स.) थेट विचारले. उभे राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमले नाही तर कुशीवर, असे उत्तर त्यांना मिळाले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. सहाबींनी जे विचारायला संकोच केला नाही, ते आपण डॉक्टरला सांगायला का लाजावे?

अचानक आलेली गाठ निळसर, टणक आणि फार दुखरी असेल, तर बाहेरच्या मोडात रक्त गोठलेले असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणे सर्वांत जास्त असते. या काळात दवाखान्यात गेल्यास जागा बधिर करून छोटा छेद देऊन आराम देता येतो. त्यानंतर मात्र दुखणे आपोआप उतरू लागते आणि बहुतेकांना काही कापावे लागत नाही.

घरी काय करावे? टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे. रात्री चमचाभर इसबगोल, पण पेलाभर पाण्यासोबत. कमी पाण्यात घेतले तर उलट बद्धकोष्ठता वाढते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. बधिर करणारे मलम थोडे दिवसच. स्टेरॉइडचे मलम आठवड्यापुढे नको. आणि मोबाईल घेऊन संडासात बसणे बंद!

आतले मोड पुन्हा पुन्हा रक्त देत असतील, तर सर्जन त्यांच्या मुळाशी रबराचे कडे बसवतात. बॅरन या अमेरिकन सर्जनने ही रीत 1963 मध्ये रूढ केली. आतल्या त्वचेला वेदनेच्या नसा नसल्याने भूल लागत नाही, मोड सुकून साधारण आठवडाभरात गळतो. इंजेक्शनचीही रीत आहे, पण ते तपासून, सर्जननेच द्यायचे. पाटीवाल्याच्या अनोळखी औषधाने जागा सडू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगावे.

रमजानमध्ये त्रास वाढू शकतो. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे, भज्यांआधी खजूर आणि फळे घ्यावीत. फार रक्त जात असेल तर रोजा ठेवायचा की नाही, हे डॉक्टर आणि आलिमांना विचारून ठरवावे. आजाऱ्याला सवलत आहेच.

आणखी एक. प्रत्येक रक्त मूळव्याधीचे नसते. वय चाळिशीपुढचे असेल, वजन घटत असेल, शौच काळे होत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल, तर आतड्याची तपासणी लांबवू नये. ताप, थंडी आणि वाढते दुखणे असेल, तर त्याच दिवशी पिंपरीच्या वायसीएमसारख्या रुग्णालयात जावे.