चाकाला रंग देण्याआधी चाक पाहा

पोळा जवळ आला की वऱ्हाडात बैलांची शिंगे घासून मगच रंगवतात. न घासता लावलेला रंग टिकत नाही, हे कोणाला सांगावे लागत नाही. आता अनेक घरी बैलजोडीशेजारी कार किंवा जीपही उभी असते. तिच्या चाकांनाही हाच नियम लागू आहे.

पांदणीतले दगड आणि रस्त्याच्या कडा घासून रिमचा रंग निघतो. उघड्या पडलेल्या लोखंडाला हवा व ओल मिळाली की गंज धरतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरी-बोअरचे पाणीच खारे. अशा पाण्याने गाडी धुतली की क्षार मागे राहतात, ओल धरून ठेवतात आणि गंज वाढवतात. म्हणून धुण्याचे शेवटचे पाणी तरी नळाचे किंवा साठवलेल्या पावसाचे घ्यावे.

चाक काढताना गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व दुसऱ्या चाकांना दगडाची उटी द्यावी. काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी. नट थोडे सैल करून मगच गाडी उचलावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

चाक धुऊन वाळले की उजेडात नीट निरखावे. नटांच्या भोकांभोवती बारीक चीर आहे का? भोके लांबट झाली आहेत का? कड वाकली आहे का? यातले काहीही दिसले, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि रिम जाणकाराला दाखवा. चिरलेली रिम बदलणेच शहाणपणाचे. लांबी भरून व रंग मारून ती चीर झाकली जाईल. पण चाक भर रस्त्यात दगा देईल. आणखी एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. टायर बसवलेल्या रिमला वेल्डिंग लावू नये. उष्णतेने रबरातून पेट घेणारे वायू सुटतात, त्यामुळे हवा काढलेले टायरसुद्धा स्फोट होऊन फुटते व माणूस दगावतो.

चाक धडधाकट असेल तर पुढचे काम घरी जमण्यासारखे आहे. तारेच्या ब्रशाने गंज काढा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवड घासा, मग १८० आणि शेवटी ३२० नंबरचा पेपर फिरवा. रंगाची कड बोटाला लागेनाशी झाली पाहिजे. वरवरचे खड्डे हार्डनर मिसळायच्या लांबीने भरता येतात. मात्र टायर टेकते ती कड आणि नटांची भोके यांना लांबी लावू नये. नंतर थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा. थिनरजवळ विडी-काडी नको.

टायर झाकायला जुन्या लग्नपत्रिका कामी येतात. थोडी हवा कमी करून त्या टायर व रिम यांच्या फटीत ओळीने खोचा. व्हॉल्व्हला चिकटपट्टी लावा आणि नटांच्या भोकांत कागदाचे बोळे घाला. हे बोळे विसरू नका. नट जिथे बसतो तिथे आणि चाक मागून हबला टेकते तिथे रंगाचा थर राहिला, तर तो पुढे दबतो आणि नट ढिले होतात.

लोखंडी रिमला आधी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. ॲल्युमिनियमच्या रिमला त्या धातूसाठीचाच प्रायमर मागून घ्यावा. रंग चाकांसाठीचा असावा, कारण ब्रेकमुळे रिम तापते. फवारा वीतभर अंतरावरून मारावा आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्यावेत. दोन थरांत किती वेळ थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते. नाकाला फडके बांधून भागत नाही. वाफेसाठीचा मास्क लावून मोकळ्या हवेत काम करावे. लेकरे व जनावरांचा चारा दूर ठेवावा.

पावसाळी दमट हवेत हे काम काढू नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा भर दुपारी मारलेला रंग वरून सुकतो व आत ओला राहतो. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सर्वांत बरी.

रंग पूर्ण दिवसभर वाळू द्यावा. चाक चढवताना नट समोरासमोरचे आवळावेत, शेवटचा ताण चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा. हवा भरून घ्यावी आणि ५० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत.

चारही चाके एकदम काढू नका. एकाच्या जागी स्टेपनी लावली की गाडी अडून राहत नाही. दवाखाना किंवा बाजार निघाला तर ती हाताशी असते. शेवटी स्टेपनीलाही रंग द्या. ती वेळेला कामी येणारी, तिचीच निगा सर्वांत आधी विसरली जाते.