कमिट झालं, पण पोहोचलं का?



मागच्या भागात आपण गिट बसवलं, एक फोल्डर त्याच्या ताब्यात दिलं आणि पहिलं कमिट केलं. त्यावर बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं, "सर, मी रोज संध्याकाळी न चुकता कमिट करते. आता लॅपटॉप बिघडला तरी माझं काम शाबूत राहील ना?"

ताई, नाही राहणार. आणि हा गैरसमज फक्त तुमचा नाही, म्हणून आजचा सगळा भाग त्यावरच.

फौजेत वायरलेसवर निरोप दिला की समोरून 'रॉजर' ऐकू येईपर्यंत आम्ही जागचे हलत नसू. निरोप लिहिणं एक काम, पाठवणं दुसरं, आणि पोहोचल्याची खात्री करणं तिसरं. गिटमध्येही कमिट म्हणजे फक्त लिहिणं. पाठवणं म्हणजे पुश. आणि तिसरं काम बहुतेक जण विसरतात.

हे असं का, ते आधी समजून घेऊ. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. जगभर विखुरलेल्या माणसांनी एकाच कामावर हात चालवायचा होता. म्हणून रचना अशी ठेवली की प्रत्येकाकडे कामाची पूर्ण प्रत, पूर्ण इतिहासासकट असावी. कमिट करताना इंटरनेट लागत नाही, कारण ते तुमच्याच डिस्कवर, फोल्डरमधल्या एका लपलेल्या कप्प्यात लिहिलं जातं. आगगाडीत बसून दहा कमिट करा, चालतील. पण ती बॅग स्टेशनवर चोरीला गेली, तर दहाही कमिट तिच्याबरोबर गेली.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. व्हिडिओत कमांड पडद्यावर दिसतात. या पुस्तकात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

गिटहबसारख्या ठिकाणी एक रिकामी रेपॉझिटरी उघडा. तिचा पत्ता कॉपी करा आणि आपल्या फोल्डरमध्ये येऊन सांगा:

गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन (पुढे तो पत्ता)

'ओरिजिन' ही काही जादू नाही. त्या लांबलचक पत्त्याला दिलेलं ते टोपणनाव आहे. पत्ता बरोबर बसला का, हे 'गिट रिमोट -व्ही' सांगतं. मग पहिल्यांदा पाठवताना:

गिट पुश -यू ओरिजिन मेन

म्हणजे, माझी 'मेन' ही ब्रँच ओरिजिनला पाठव. त्यातला '-यू' ही जोडी लक्षात ठेवतो, म्हणून पुढच्या वेळेपासून नुसतं 'गिट पुश' पुरतं. इथे 'एसआरसी रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी' असं उत्तर आलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ, मेन नावाची ब्रँच तुमच्याकडे नाहीच. एक तर अजून एकही कमिट झालेलं नाही, किंवा ब्रँचचं नाव 'मास्टर' आहे. जुन्या पद्धतीत तेच नाव आपोआप मिळायचं. 'गिट ब्रँच -एम मेन' म्हटलं की नाव बदलतं.

पुढची अडचण दारावरच्या पहाऱ्याची. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून टर्मिनलवरून खात्याचा नेहमीचा पासवर्ड घेणं बंद केलं. त्याच्या जागी टोकन द्यावं लागतं. ते गिटहबच्या सेटिंग्जमध्ये तयार होतं. टोकन पेस्ट केल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. की-बोर्ड बंद पडलेला नसतो, निमूट एंटर दाबा. दुसरा मार्ग एसएसएच किल्लीचा. त्यात जोडी असते: सार्वजनिक किल्ली गिटहबला द्यायची, खासगी किल्ली घरातच ठेवायची, कोणी कितीही गोड बोलून मागितली तरी.

पुश झाला की शेवटची ओळ वाचा. दोन छोटे सांकेतिक क्रमांक आणि पुढे 'मेन -> मेन' असं दिसलं, तर तो तुमचा 'रॉजर'. 'एव्हरीथिंग अप-टू-डेट' असं आलं आणि तुम्ही तर आज काम केलं आहे, तर थांबा: बहुधा कमिट करायचं राहिलं आहे किंवा तुम्ही दुसऱ्याच ब्रँचवर उभे आहात. 'गिट स्टेटस' दोन्ही गोष्टी दाखवतं. 'अहेड बाय ३ कमिट्स' म्हणजे तीन कमिट अजून घरातच आहेत.

आता माझी चूक सांगतो. ती सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

आम्ही तीन निवृत्त मित्र आमच्या पलटणीतल्या वृद्ध जवानांच्या आठवणी लिहून काढतो आहोत. मी सिकंदराबादला, एक इंदूरला, एक बेळगावला. सगळं एका रेपॉझिटरीत. एका रात्री मी पुश केला आणि उत्तर आलं: 'रिजेक्टेड', पुढे कंसात 'फेच फर्स्ट'. मी चिडलो. माझं काम, माझी रेपॉझिटरी, आणि मलाच नकार? इंटरनेटवर शोधलं, कुणीतरी लिहिलं होतं की शेवटी '--फोर्स' लावा. लावलं. काम झालं. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी इंदूरच्या मित्राचा फोन. त्याने आदल्या संध्याकाळी एका सुभेदार साहेबांच्या दोन मुलाखती चढवल्या होत्या, त्या गिटहबवर दिसत नव्हत्या. सुभेदार साहेब महिनाभरापूर्वीच गेले होते. मुलाखत पुन्हा घेणार कुणाची? मी खुर्चीत बसूनच राहिलो.

झालं होतं असं. मित्राने पुश केल्यामुळे तिकडचा इतिहास दोन पावलं पुढे गेला होता. माझ्या प्रतीला ती पावलं माहीतच नव्हती. गिट म्हणत होतं, "साहेब, आधी तिकडचं आणून बघा." मी हुकूम सोडला, "माझंच खरं धर." गिटने हुकूम पाळला आणि ब्रँचवरून मित्राची दोन कमिट बाजूला पडली.

वाचलो कशामुळे? ज्या रचनेमुळे कमिट घरातच राहतं, त्याच रचनेमुळे. मित्राच्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत होती. मी म्हटलं, "आता काहीही पुल करू नकोस." त्याने आधी आपल्या प्रतीची 'जपून' नावाची वेगळी ब्रँच काढली आणि ती पुश केली, म्हणजे मुलाखती पुन्हा सुरक्षित ठिकाणी पोहोचल्या. मग मेनवर राहून 'गिट फेच', मग 'गिट मर्ज ओरिजिन/मेन', मग साधा 'गिट पुश'. त्याचंही राहिलं, माझंही राहिलं. दहा मिनिटांचं काम, पण ती दहा मिनिटं मला फार लांब वाटली.

तेव्हापासून नकार आला की मी चार पावलं चालतो:

१. गिट फेच. तिकडची बातमी आणतो. माझ्या फायलींना यात हात लागत नाही.

२. गिट लॉग मेन..ओरिजिन/मेन. तिकडे आहे पण माझ्याकडे नाही, असं काय ते वाचतो. कुणाचं काम आहे, हे नावानिशी दिसतं.

३. गिट पुल --रीबेस. त्यांचं काम खाली, माझं त्यावर रचलं जातं. एकाच ओळीवर दोघांनी हात चालवला असेल तर गिट थांबून विचारतं. तिथे फोन उचलावा आणि बोलून ठरवावं.

४. गिट पुश. आणि शेवटची ओळ वाचावी.

जोर लावायची वेळ आलीच, तर फक्त स्वतःच्या एकट्याच्या ब्रँचवर, आणि तेव्हाही '--फोर्स' नाही, '--फोर्स-विथ-लीज'. तिकडची ब्रँच तुमच्या प्रतीने शेवटची पाहिली तशीच आहे का, हे तो तपासतो. बदललेली असेल तर पाठवत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. 'गिट स्टेटस' 'अप टू डेट' म्हणालं तरी ते शेवटच्या वेळी आणलेल्या बातमीवरून बोलतं. त्या क्षणी तिकडे विचारत नाही. म्हणून आधी फेच. दुसरी, एका फायलीला गिटहबवर १०० एमबीची मर्यादा आहे. मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज त्यात कोंबू नका. पुढच्या कमिटमध्ये ती फाइल पुसलीत, तरी जुन्या कमिटमध्ये ती बसलेलीच असते आणि पुश अडतोच. पासवर्ड किंवा पेन्शनचे कागद चुकून कमिट झाले, तर तेही असेच इतिहासात राहतात.

बडोद्याच्या ताई, आजपासून रात्री लॅपटॉप मिटण्याआधी पुश करा, शेवटची ओळ मोठ्याने वाचा आणि मगच दिवा घालवा.

पुढच्या भागात, एकाच ओळीवर दोघांचं भांडण झालं तर ते कसं मिटवायचं, ते पाहू. तोवर एक गृहपाठ: आत्ता 'गिट स्टेटस' टाइप करा आणि किती कमिट घरात अडकली आहेत, ते मोजा.

जय हिंद.